मॅच कुठं लागलीय?

आरतीच्या कापराचा वास अजून खोलीत रेंगाळत होता, तेव्हा आबांनी रिमोट हातात घेतला. २९ ऑगस्ट २०२५ ची ती रात्र. गणपती बसून दोन दिवस झाले होते, गौरी यायच्या होत्या, आणि कोल्हापुरातल्या आमच्या घरी बाहेरगावाहून आलेली माणसे जेवून माजघरात पाय पसरून बसली होती. तिकडे ताजिकिस्तानात, हिसोर नावाच्या गावी, भारताचा फुटबॉल संघ यजमान संघाशी खेळणार होता. खालिद जमील यांचा भारताचे प्रशिक्षक म्हणून तो पहिलाच सामना होता. तेरा वर्षांनी राष्ट्रीय संघाला भारतीय प्रशिक्षक मिळाला होता. आबांनी हे सगळे सकाळीच वर्तमानपत्रात वाचून ठेवले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते रिमोट डोळ्यांजवळ नेऊन त्याची बटणे पाहतात. तसे पाहत त्यांनी खेळांच्या वाहिन्या एकेक करून चाळायला सुरुवात केली. एकीवर कबड्डी होती, दुसरीवर क्रिकेटचा जुना सामना, तिसरीवर परदेशी क्लबांचा फुटबॉल. त्या तिसऱ्या वाहिनीवर ते आशेने थांबले, खेळाडूंचे सदरे निरखून पाहिले आणि पुढे सरकले. मग दूरदर्शन झाले. मग बातम्यांच्या वाहिन्या झाल्या, निदान खालच्या पट्टीत गुण तरी दिसतील म्हणून.

“भारताची मॅच आहे नव्हं?” ते स्वतःशीच म्हणाले. “मग लागली असणारच की कुठंतरी.”

मला ठाऊक होते की ती टीव्हीवर कुठेही लागलेली नाही. ती मोबाइलच्या एका ॲपवर होती, त्या ॲपचे पैसेही मी दोन दिवसांपूर्वीच भरले होते, आणि तरीही मी आबांना लगेच सांगितले नाही. त्या न सांगण्याची बोच अजून गेलेली नाही. मी गप्प का बसले, याचे उत्तर मी पुष्कळदा शोधले आहे. कदाचित त्यांच्या त्या ‘असणारच’ला धक्का लावायला माझी जीभ रेटली नाही. देशाचा संघ खेळतो आहे म्हणजे तो देशातल्या प्रत्येक घरात दिसणार, ही त्यांच्या लेखी सूर्य उगवण्याइतकी साधी गोष्ट होती, आणि ती तशी उरलेली नाही हे एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला सांगण्याचे काम माझ्या वाट्याला यावे असे मला वाटत नव्हते. शेवटी मी मोबाइल काढला आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून त्यांच्यापुढे उभा केला, तोवर अन्वर अलीने पाचव्या आणि संदेश झिंगनने तेराव्या मिनिटाला केलेले गोल होऊन गेले होते. आमचा टीव्ही जुना आहे, मोबाइल त्याला जोडता येत नाही. वीतभर पडद्यावर आबा वाकून पाहू लागले. पुढे ताजिकिस्तानने एक गोल फेडला, उत्तरार्धात त्यांना पेनल्टी मिळाली आणि गुरप्रीतसिंग संधूने ती अडवली. घरातली तरुण मुले ओरडली, पण आबांना नेमके काय झाले ते कळले नव्हते. “बॉलच दिसत नाही गं,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने उठले. “तू बघ, आणि मला सांग.” सामना आपण २-१ असा जिंकला. ते सांगायला मी त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

ज्या माणसाने मला फुटबॉल दाखवला, त्यालाच मी तो दाखवू शकले नव्हते.

कोल्हापुरातल्या पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला फुटबॉल म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब हे संघ उतरले की दुपारपासून रस्ते त्या दिशेने वाहू लागत. मी सात-आठ वर्षांची असेन, तेव्हा आबा मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेले. त्या गर्दीत बायका जवळजवळ नसत, मुली तर नसतच, आणि आईचा या नेण्याला विरोध होता. तापलेल्या पायऱ्या, शेंगांच्या टरफलांचा पायांखाली होणारा आवाज, शिट्ट्या, घामाचा आणि तंबाखूचा वास, आणि मैदानावरून उडून डोळ्यांत जाणारी धूळ हे सारे मला आजही जसेच्या तसे आठवते. खेळ मात्र फारसा आठवत नाही, कारण पुढची माणसे सारखी उठून उभी राहत आणि मला त्यांच्या पाठींखेरीज काही दिसत नसे. मी आबांचा सदरा ओढून विचारायची, “बॉल कुणाकडं आहे?” आणि ते नजर मैदानावरच ठेवून मला सांगत राहायचे: आता डावीकडून चाललाय, आता आत टाकला, आता गोलकीपरच्या हातात. कितीतरी सामने मी असे त्यांच्या आवाजातून पाहिले आहेत.

राष्ट्रीय संघ ही त्यांच्यासाठी आणखी वेगळी, आणि म्हटले तर न दिसणारी गोष्ट होती. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत त्या वर्षी चौथा आला. तेव्हा आबा दहा वर्षांचे होते, आणि या विजयाबद्दल त्यांनी जे काही ऐकले ते तालमीतल्या मोठ्या माणसांच्या तोंडून. १९६२ मध्ये जकार्त्याच्या आशियाई खेळांत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. ते वर्तमानपत्र तालमीच्या कट्ट्यावर मोठ्याने वाचले गेले होते. डोक्याला टाके पडलेला जर्नेल सिंग बचावपटू असूनही प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्याला आघाडीला खेळवले आणि त्याने गोल केला, त्याआधीचा पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, प्रेक्षक सगळे आपल्या विरोधात होते: हे सारे आबा आजही असे सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावे, हा माणूस त्या दिवशी जकार्त्यात होता. त्यांनी तो सामना कधीच पाहिलेला नाही. त्या पिढीला संघ दिसत नव्हता, पण संघाची वार्ता त्यांच्यापर्यंत आपल्या पायांनी चालत येत होती, आणि ती येण्याची जागा ठरलेली होती. सकाळ झाली की कट्ट्यावर जायचे. शोधावे लागत नव्हते.

मी स्वतः भारताचे सामने शोधू लागले, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. या शोधाची एक ठरलेली रीत होऊन बसली आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी संघटनेच्या पानावर वेळ पाहायची. मग वाहिनीचे नाव दिले आहे का ते पाहायचे. बरेचदा ते अगदी शेवटच्या क्षणी येते. मग ओळखीच्या दहा-बारा वेड्यांच्या गटात विचारायचे. तिथे कोणी एक दुवा पाठवतो, तो उघडला की जुगाराच्या जाहिराती अंगावर येतात, आणि मी तो बंद करते. सामना ॲपवर असला तर चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागे चालते, त्यामुळे गोल झाल्याचा संदेश आधी येतो आणि गोल मागाहून. चेंडू अजून मध्यरेषेजवळ असतो आणि आपल्याला ठाऊक असते की तो जाळ्यात जाणार आहे. तरीही मी श्वास रोखून पाहते. स्पर्धा बदलली की जागा बदलते. २०२३ च्या जुलैत बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर भारताने कुवेतला पेनल्टींवर हरवून दक्षिण आशियाई अजिंक्यपद जिंकले, ती स्पर्धा डीडी भारतीवर आणि फॅनकोडवर होती. जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेला आशियाई चषक स्पोर्ट्स १८ वर आणि जिओसिनेमावर होता. महिला संघाने ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईला थायलंडला २-१ असे हरवून पात्रता फेरीतून प्रथमच आशियाई चषक गाठला, संगीता बासफोरने दोन्ही गोल केले, आणि भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या काळातला माझ्या मते सर्वांत मोठा तो विजय मी टीव्हीवर शोधून थकल्यावर यूट्यूबवर पाहिला. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून एकटीने पाहिला. शेवटची शिट्टी झाल्यावर रडू आले, आणि घरात कोणाला सांगावे तर ‘कोणती मॅच?’ इथून सुरुवात करावी लागली असती.

यामागची व्यवस्था मी समजून घेतली आहे, आणि ती कळल्यावर राग थोडा निवळतो, दुःख निवळत नाही. परदेशात मैत्रीपूर्ण सामना असेल तर त्याच्या प्रक्षेपणाचे हक्क यजमान देशाच्या संघटनेकडे असतात. स्पर्धा असेल तर ती भरवणाऱ्यांकडे. भारतातल्या कोणीतरी ते विकत घेतले तरच तो सामना आपल्यापर्यंत पोहोचतो, आणि घेणारा आधी पाहणाऱ्यांची संख्या मोजतो. आपल्याकडे २००७ चा एक कायदा आहे, त्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरवलेल्या सामन्यांचे चित्र खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीलाही द्यावे लागते. क्रिकेट त्यामुळे गावोगाव पोहोचले. परंतु ज्याचे हक्क कोणत्याही वाहिनीने घेतलेलेच नाहीत, तो सामना हा कायदा तरी कुठून आणणार? पाहणारे थोडे म्हणून दाखवणारे थोडे, आणि दाखवणारे थोडे म्हणून पाहणारे थोडे. या फेऱ्यातून बाहेर पडण्याची सुरुवात पाहणाऱ्याने करायची की दाखवणाऱ्याने, यावर लोक वाद घालतात. मला त्यात एक तिसरा माणूस दिसतो, ज्याचा विचार कोणी करत नाही. तो शोधत नसतो. त्याला सामना असल्याचे ठाऊकही नसते. तो केवळ वाटेत सापडतो.

६ जानेवारी २०१९ ची संध्याकाळ या माणसांमुळे माझ्या लक्षात राहिली आहे. पुण्यात सदाशिव पेठेत ज्या खानावळीत मी तेव्हा जेवत असे, तिथे भिंतीवर उंच टांगलेला एक टीव्ही होता. आशियाई चषकात अबू धाबीला भारत आणि थायलंड यांचा सामना चालू होता, आणि वाढणाऱ्या मुलाने वाहिन्या बदलता बदलता भारताचा संघ दिसला म्हणून तिथेच थांबून रिमोट फडताळावर ठेवला. मी तो सामना पाहण्यासाठी घाईने जेवून खोलीवर परतणार होते, ती बसून राहिले. मध्यंतराला १-१ होते. उत्तरार्ध सुरू होताच सुनील छेत्रीने दुसरा गोल केला आणि माझ्या शेजारचे एक गृहस्थ, जे तोवर ताटात पाहून जेवत होते, त्यांनी हातातला घास तसाच धरून मान वर केली. अनिरुद्ध थापाने तिसरा गोल केला तेव्हा चार टेबलांवरची माणसे बोलायची थांबली होती. जेजेने चौथा केला तेव्हा गल्ल्यावरचे काका उठून टीव्हीखाली येऊन उभे राहिले होते, आणि बाहेर पाळीसाठी थांबलेली माणसे आत डोकावत होती. कोणीतरी विचारले, “आपण एवढं चांगलं खेळतो?” त्या प्रश्नात कौतुक होते आणि थोडी शरमही होती, आणि मला दोन्ही समजत होते. त्या संध्याकाळी भारत ४-१ असा जिंकला. पुढचे दोन सामने हरून आपण गटातच बाद झालो, पण त्या गृहस्थांनी ते दोन्ही सामने त्याच टेबलावर बसून पाहिले, दुसऱ्या वेळी त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा होता. बहरीनविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी पेनल्टीवर गोल बसला, तेव्हा त्या मुलाने वडिलांच्या खांद्यावर डोके ठेवले. ही माणसे कोणत्याही ॲपवर कधी सापडली नसती.

मुंबईत २०१८ च्या जूनमध्ये उलट वाटेने हेच घडलेले मी पाहिले होते. अंधेरीच्या मैदानावर १ जूनला भारताने चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, ५-० असे हरवले, तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक ध्वनिचित्रफीत काढून लोकांना हात जोडले: टीका करायला या, हवे तर शिव्या द्यायला या, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता आणि सगळी तिकिटे संपली. मी त्या रात्री तिथे होते. पाऊस असा कोसळत होता की चेंडू पाण्यात अडकून जागीच थांबे, आणि भिजून थरथरणारी हजारो माणसे जागची हलत नव्हती. आपण ३-० असे जिंकलो. आनंद होताच, परंतु परतीच्या लोकलमध्ये ओल्या कपड्यांनी उभी असताना मनात एकच गोष्ट घोळत राहिली. देशाच्या कर्णधाराला आपला संघ कुठे आहे हे लोकांना हात जोडून सांगावे लागले होते.

कोल्हापूरने मात्र एकदा दाखवून दिले होते की सामना दिसला तर काय होते. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. सामने टीव्हीवर होते. आमच्या खोलीत त्या दिवसांत गल्लीतली इतकी माणसे जमत की दाराबाहेर चपलांचा ढीग होई. अमेरिकेकडून आपण ३-० हरलो, कोलंबियाविरुद्ध आपल्या जॅक्सन सिंगने डोक्याने गोल करून बरोबरी साधली तेव्हा आबांनी शेजाऱ्यांना मिठी मारली, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली तरी ती मिठी सुटायला वेळ लागला. तीनही सामने हरून संघ परतला, आणि पेठेत त्या मुलांबद्दल कोणी वाईट शब्द काढलेला मी ऐकला नाही. त्याच पेठांत विश्वचषकाच्या वर्षी ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे आणि खेळाडूंचे पुरुषभर उंचीचे कटआउट लागतात. मला त्याचा कधी राग आला नाही. प्रेम दिसणाऱ्या गोष्टीवर बसते, आणि मेस्सी वर्षानुवर्षे घरोघर दिसत आला आहे.

गणपती गेले, आणि मी आबांना नवा टीव्ही घेऊ या म्हणाले. ते नको म्हणाले. आणखी किती दिवस बघणार, असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. १४ ऑक्टोबरला आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारत आणि सिंगापूर यांचा सामना मडगावला, फातोर्ड्याच्या मैदानावर होता. मी त्यांना सोबत चला म्हणून खूप आग्रह केला, परंतु आंबोलीचा घाट आणि तेवढा वेळ गाडीत बसणे त्यांच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. मी एकटीच गेले. निदान या वेळी मला वाहिनी शोधायची नव्हती. मैदान शहरात ठरलेल्या जागी उभे असते, दिवे दुरून दिसतात, आणि मडगावच्या स्थानकाबाहेर कोणालाही विचारले तर वाट सांगतात. गोव्यात तर आजीबाईसुद्धा फातोर्ड्याचा रस्ता दाखवतात आणि वर कोण खेळणार हेही विचारतात.

छांगटेने चौदाव्या मिनिटाला दुरून मारलेला फटका जाळ्यात गेला आणि माझ्याभोवतीची माणसे एकमेकांवर कोसळली, त्या गोंधळात माझा मोबाइल वाजत होता. आबा होते. नातवाने त्यांच्यासमोर ॲप लावून दिले होते, पण डोळ्यांना ताण नको म्हणून त्यांनी ते बाजूला सारले होते. “आवाज कसला?” त्यांनी विचारले. मी ओरडून सांगितले, गोल झाला, आपला. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ठेवू नको फोन. बॉल कुणाकडं आहे?”

मी सांगू लागले. एका कानावर हात दाबून, दुसऱ्याला मोबाइल लावून, मी नजर मैदानावर ठेवून सांगत राहिले: आता डावीकडून चाललाय, आता आत टाकला, आता त्यांच्या गोलकीपरच्या हातात. शेजारचा कोकणी तरुण आधी माझ्याकडे आश्चर्याने पाहत होता, नंतर मला दूरच्या खेळाडूंची नावे सुचवू लागला. मध्यंतराच्या किंचित आधी सोंग उई-यंगने बरोबरी केली आणि मला ती सांगायला दोन क्षण जड गेले, तेवढ्यात आबा म्हणाले, “बसला नव्हं?” माझ्या गप्प बसण्यावरून त्यांना कळले होते. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्याच खेळाडूने दुसरा गोल केला. पुढची सगळी मिनिटे मी बोलत होते, घसा बसत चालला होता, आणि पलीकडून केवळ त्यांचा श्वास ऐकू येत होता. आपण खूप धडपडलो. गोल आला नाही. शेवटची शिट्टी झाली, खेळाडू गवतावर बसले, आणि आशियाई चषकाची वाट आपल्यासाठी तिथेच बंद झाली.

“संपली, आबा,” मी म्हणाले.

“कळलं,” ते म्हणाले. प्रेक्षक पायऱ्या उतरू लागले होते, कोणीतरी दुमडलेला तिरंगा छातीशी धरून माझ्यासमोरून गेला. मला वाटले ते फोन ठेवतील. पण त्यांनी विचारले, पुढची मॅच कधी आहे. मी सांगितले, नोव्हेंबरच्या १८ तारखेला, ढाक्यात, बांगलादेशाशी.

“बरं,” ते म्हणाले. “ती कुठं लागणार आहे?”